मांडीची मोळी

सुजाता: व्यायाम राहू द्या, काका. आधी सांगा, मांडीवर हा काळानिळा वळ कसला? व्यायामाच्या वेळी मी बांधते तो पट्टा वीतभर रुंद आहे, त्यानं असा वळ उठत नाही.

ज्ञानोबा: उगं बाजंची कड लागली आसंल, मॅडम.

सुजाता: बाजेची कड मांडीभोवती गोल फिरली होय?

चतुराबाई: अवो, सांगून टाका की! कावून लपवायलाव? म्या बांदलं, मॅडम. काल, घरी. लुगड्याच्या पट्टीनं.

सुजाता: किती घट्ट?

चतुराबाई: उसाची मोळी बांदताव तेवढं. गुडघा दिला, दोन पीळ मारले, गाठ खोसली. बावीस वर्सं झाली, माझी एक मोळी सुटली न्हाई.

ज्ञानोबा: तिच्यावर वरडू नका. म्याच म्हणलो बांद. तुमी हितं केजला दवाखान्यात आठवड्यातून दोनदा बांदताव, घरी रोज बांदलं तर दुप्पट ताकद यील, आसा हिसाब केलता म्या.

सुजाता: काय हिसाब, काका! होळीला ट्रॉलीवरून पडलात, सहा महिन्यांनी हाड जुळलं, पण मांडी वाळली. जड वजन हाडाला सोसणार नाही, म्हणून हा पट्टा. मी आधी यंत्रानं पायाची नाडी बघते. थोडं रक्त अडवते, थोडं जाऊ देते. मग दोन किलो उचललं तरी मांडीला वाटतं, केवढं ओझं उचललं. तुम्ही तर रक्तच बंद केलंत! किती वेळ ठेवलं?

ज्ञानोबा: जास्त न्हाई. भाकरी व्हईस्तोवर.

सुजाता: किती भाकरी?

चतुराबाई: सात. शेवटची तव्यावर व्हती, तवर ह्यांनी हाक मारली, ‘चतुरे, पाऊल गार पडलंय गं.’ बघते तर निळं! गाठ सुटंना, मॅडम. दातानं तोडली. माय गं, लेकरावानी रडले म्या.

ज्ञानोबा: लई रडली. पाय माझा अन् रडायली ही.

सुजाता: बोटं हलवा. इथं हात लावलेला कळतो? इथं? बरं, नाडी लागतेय. नशीब तुमचं. आज पट्टा नाही. आधी मोठ्या डॉक्टरांकडून शिरा तपासून घ्यायच्या. एवढी घाई कशाची होती पण?

ज्ञानोबा: दसरा आला न्हवं का. ऊस तोडायला टोळी निघंल. नवरा-बायकू मिळून एक कोयता. मुकादम म्हणला, अर्धा कोयता म्या नेत न्हाई. हिला म्हणला, तू तुज्या भावासंगं, भारतसंगं चल. बावीस हंगाम म्या तोडला अन् हिनं बांदला, मॅडम. आता ही दुसऱ्याच्या मागं बांदीत चालायची अन् म्या घरी बाजंवर? जीव लागंल का माझा?

सुजाता: माझे आई-बाप शिरूरहून असेच ऊसतोडीला जायचे, काका. म्हणून खोटं सांगणार नाही. तुम्ही चालाल, जिना चढाल. पण मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणं यंदा नाही.



ज्ञानोबा: मंग तू जा, चतुरे. गावात प्यायला पाणी न्हाई, हितं ऱ्हाऊन काय करशील? भारत चांगला हाय.

चतुराबाई: झालं बोलून? मुकादमाला म्या परवाच न्हाई म्हणले.

ज्ञानोबा: परवा? अन् मला सांगितलं न्हाईस?

चतुराबाई: सांगितलं आस्तं तर तुमी व्यायामाला आला आस्ता का? तोंड फिरवून पडला आस्ता. दूध सोसायटीनं चारा छावणी काढलीय, तिथं वैरण टाकायला माणसं घ्यायलेत. म्या नाव दिलंय. दोगाचं.

ज्ञानोबा: दोगाचं? आगं, ह्या पायानं म्या तिथं काय करू?

चतुराबाई: काय करू नका. सावलीला बसा. म्या वळून बघितलं की दिसलं पायजे तुमी, बास.