बावीस कवड्यांचा वकील

बसा, बसा मंडळी! मागच्यांनी पुढे सरका, खांबाला टेकलेल्यांनी खुशाल टेका, झोप आली तर घोरू तेवढं नका — माझी लय बिघडते! पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. आज मला गायचं कमी आणि विचारायचं जास्त आहे.

प्रश्न साधा आहे. तुमचं मत — तुमचं असतं का?

हसू नका! आत्ता देवळात शिरताना एक गृहस्थ भेटले. हातात मोबाईल, चेहऱ्यावर काळजी. म्हणाले, "महाराज, परदेशात एका माणसाला राजदूत नेमायचं चाललंय. तिथल्या सभेत भांडण आहे. पण होणार म्हणतात — एकसष्ट टक्के!" मी म्हटलं, "टक्के कुणी काढले?" म्हणे, "लोक पैसे लावतात ना त्यावर. भाव निघतो." मी म्हटलं, "तो माणूस कसा आहे?" म्हणे, "ते ठाऊक नाही." "कुठल्या देशात जाणार?" "ते बघायचं राहिलं." "मग तो व्हावा असं वाटतं का तुम्हाला?" तर म्हणे, "वाटतं की! एकसष्ट टक्के आहे म्हटल्यावर!"

धन्य! मी मनात म्हटलं, आजचं आख्यान ठरलं. ऐका तर.

वेणूपूर नावाची नगरी होती. राजा चंद्रसेन. सात जणांची राजसभा. त्या सातांत एक यमाजी नाईक. दिसायला भारदस्त, पगडी अशी, मिशा अशा — आणि मत? मत कुठं आहे ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं! सभेत चार हात वर गेले की पाचवा यमाजीचा. कधी चुकला नाही. तीस वर्षांत एकदाही हरलेल्या बाजूला बसला नाही. लोक म्हणत, काय मुत्सद्दी माणूस!

घरात कोण? पत्नी सगुणा. तिच्याच मागून आपल्याला जायचंय, तेव्हा तिला नीट बघून ठेवा. बोलणं कमी, नजर पक्की. आणि तिचा एकच भाऊ, हैबती. बैलांचा तांडा घेऊन घाट उतरायचा, सागरगडाहून मीठ आणायचा. त्या वर्षी काय झालं — सागरगडच्या राजानं घाट बंद केला आणि हैबतीसकट बारा तांडेवाले कोठडीत टाकले!

का टाकले? हं, इथं गोम आहे. आधी आपल्याच वेणूपूरच्या शिपायांनी त्यांच्या कोळ्यांचं मीठ लुटलं होतं. पण हे नगरीत बोलायचं नाही! नगरीत बोलायचं ते एवढंच, की ते सागरगडवाले दुष्ट.

मग वकील पाठवायचं ठरलं. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे हो — त्या काळी राजदूताला वकील म्हणत. राजानं नाव काढलं अंताजीपंतांचं. आणि सभेत गदारोळ! कारण अंताजीपंत भर दरबारात म्हणाले होते, "महाराज, पहिली चूक आपली आहे. ती कबूल केली तर माणसं सुटतील." झालं! तिघं म्हणाले, "हाच जाऊ दे." तिघं म्हणाले, "आपलीच चूक कबूल करणारा वकील कसला!" तीन आणि तीन. उरला कोण?

यमाजी नाईक! आणि त्याच्या आजूबाजूला एकही जास्तीचा हात नाही! बिचाऱ्यानं बघावं कुणाकडे?

रिवाज असा, की पंधरा दिवसांनी तबक फिरवायचं. संमती असेल त्यानं विड्याचं पान ठेवायचं, नकार असेल त्यानं सुपारी. पंधरा दिवस! वेणूपूरच्या पेठेत एक ओटा होता. तिथं पाऊस पडेल की नाही यावर पैजा लागायच्या. आता लागली अंताजीपंतांवर. 'होईल'ची चिठ्ठी घ्या, तो वकील झाला तर शंभर कवड्या मिळतील. नाही झाला तर कागद चुलीत घाला. उलटी 'नाही'चीही चिठ्ठी होती; ती जास्त खपली की 'होईल'चा भाव पडायचा. त्या चिठ्ठीला लोक चाळीस कवड्या द्यायला लागले, की समजायचं, शंभरात चाळीस आशा आहे. रोज सकाळी भाव निघायचा. आणि यमाजी स्नानाच्या आधी, देवाच्या आधी, म्हाताऱ्या राणबाला पिटाळायचा — "जा रे, ओट्यावर भाव काय ते बघून ये!"

गंमत कळली का? सगळी पेठ भाव लावतेय यमाजी काय करेल यावर. आणि यमाजी काय करायचं ते ठरवतोय भाव बघून! दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे, आणि मध्ये बारा माणसं कोठडीत!

सगुणानं पहिल्याच दिवशी विषय काढला. "अहो, अंताजीपंतांना पान द्याल ना? माझा भाऊ आहे हो तिथं."

"मला का कळत नाही? पण सभेतलं मत नात्यावर देता येत नाही, सगुणे."

"मग कशावर देतात?"

"लोकांचं मन ओळखावं लागतं."

"आणि तुमचं मन?"

यमाजीनं पगडी सारखी केली. "ते आहेच की!" म्हणाला, आणि बाहेर गेला.

सगुणा उंबऱ्यात उभी राहिली. तिला धाकटा हैबती आठवला असेल, रडली असेल — मी नाही त्यात शिरत. मग आत आली, हातातल्या पाटल्या काढल्या आणि राणबाला म्हणाली, "या मोड, आणि मिळतील तेवढ्या 'होईल'च्या चिठ्ठ्या घे. माझं नाव सांगू नकोस."

दुसऱ्या सकाळी भाव — अठ्ठावन्न! यमाजी ताटावर बसला आणि म्हणतो कसा, "काही म्हण, अंताजीपंतांत एक तेज आहे हं!"

पण पेठेत केसोशेट नावाचा मिठाचा व्यापारी होता. घाट बंद, मीठ महाग, आणि याची वखार गच्च भरलेली! घाट उघडला तर हा बसला. त्याला यमाजीची खोड ठाऊक. त्यानं 'नाही'च्या चिठ्ठ्या ढिगानं घेतल्या. भाव आला पस्तिसावर. आणि यमाजी? "अंताजी जरा आगाऊच वाटतो मला. तेज कसलं, उर्मटपणा तो!"

सगुणाच्या हातातला घास हातातच राहिला. मग दंडातली वाकी गेली. भाव एक्कावन्न. "तसा माणूस सच्चा आहे!" केसोशेटनं पुन्हा पाडला. भाव तीस. "सच्चा आहे, पण अक्कल नको का?" मग गोठ गेले. मग बुगड्या गेल्या. अहो, नवरा एक, त्याचं मत एक, आणि ते विकत घ्यायला बाईला अंगावरचं सोनं उतरवावं लागतंय — तेही हप्त्यानं! बायकांनो, हसताय काय? तुमच्याकडे काही स्वस्तात होतं का?

पंधरावा दिवस उजाडला. दुपारी तबक फिरणार. राणबा पेठेतून आला तो परसदारानं, खाली मान घालून. "वहिनीसाहेब, केसोशेटनं रात्रीतनं सगळं पाडलं. आज बावीस."

बावीस! सगुणानं आपले हात बघितले. मोडायला काही उरलं नव्हतं. आत यमाजी हाक मारतोय — "राणबा! आला का? किती?"

आणि त्या क्षणी, मंडळी, त्या बाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण पंधरा दिवस पेठ विकत घेत होतो! कशाला? यांना पेठ कुठं दिसतेय? यांना तर राणबाचं तोंड दिसतं!

"राणबा," ती हळूच म्हणाली, "बासष्ट सांग."

म्हातारा हादरला. "वहिनीसाहेब, धन्याशी खोटं?"

"तुझ्या तोंडात दात किती?"

"दोन."

"मग बावीस म्हण की बासष्ट म्हण, ऐकणाऱ्याला काय कळतंय? पण माझ्यासाठी, बाबा, नीट बासष्ट म्हण. पाप लागलं तर माझ्या नावावर."

राणबा आत गेला. देवाचं नाव घेतलं आणि म्हणाला, "धनी, बासष्ट."

खोटं बोलली का सगुणा? बोलली. मी कशाला झाकू? पण एक विचारतो. केसोशेटनं मिठासाठी पाडलेला तो बावीस — तो खरा होता का? विचार करा, तोवर आपण दरबारात जाऊ.

तबक फिरलं. तीन पानं पडली. तीन सुपाऱ्या पडल्या. तबक यमाजीपुढे आलं. सगळी सभा निवांत — बावीस भाव, म्हणजे सुपारी पडणार, बघायचं काय त्यात! केसोशेट तर मागच्या खांबापाशी उभा राहून मिशीतल्या मिशीत हसत होता. आणि यमाजीनं, छाती पुढे काढून, झोकात — पान ठेवलं!

राजा पुढे झुकला. "नाईक! कारण सांगता?"

यमाजी म्हणाला, "महाराज, मी लोकांच्या मनाकडे बघून मत देतो."

अरे, काय ते वाक्य! सगळ्यांना वाटलं, पेठ काहीही म्हणो, या माणसानं लोकांचं खरं मन ओळखलं! टाळ्या पडल्या. बाहेर येताना सेनापतीनं मिठी मारली. "नाईक, छाती लागते! बावीस भाव असताना..."

"बासष्ट," यमाजी म्हणाला.

"बावीस हो!"

यमाजीनं सेनापतीची मिठी सोडवली. तीस वर्षांत पहिल्यांदा तो सगळ्या पेठेविरुद्ध उभा राहिला होता — आणि त्याला कुणी सांगितलंच नव्हतं!

घरी आला तो लालबुंद. "राणबा! बोलव त्याला!"

"त्याला नको," सगुणा पुढे झाली. "मी सांगायला लावलं."

"तू मला फसवलंस?"

"हो. फसवलं." डोळे खाली नाहीत, आवाज वर नाही. "एकच सांगा. पान ठेवलंत तेव्हा डोळ्यांपुढे काय होतं? हैबतीचा चेहरा आला का?"

यमाजी धपकन खाली बसला. म्हणाला, "खरं सांगू? नाही आला. बासष्टच दिसत होते."

तिनं आत जाऊन पाणी आणलं, त्याच्यापुढे ठेवलं. तेव्हा त्याला तिचे मोकळे हात दिसले. पंधरा दिवस रोज वाढत होती ती त्याच हातांनी!

इकडे अंताजीपंत सागरगडी गेले. हात जोडून म्हणाले, "मीठ आम्ही लुटलं. हे घ्या परत. आणि आमची माणसं द्या." तिकडचा राजा म्हणे चकितच झाला; चूक कबूल करणारा वकील त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता! महिन्याभरात घाट उघडला. केसोशेटचं मीठ वखारीत पाणी सुटून बसलं. बारा माणसं परत आली. चिठ्ठ्यांच्या ज्या कवड्या मिळाल्या त्या सगुणानं बाकीच्या अकरा घरी वाटून टाकल्या; पाटल्या काही केल्या नाहीत. हैबती आला — हाडं वर आलेली, दाढी छातीपर्यंत. सगुणानं त्याला दारात धरलं ते सोडीचना.

मग राजानं यमाजीचा सत्कार मांडला. शालजोडी, मानाचं कडं! राजा म्हणाला, "नाईक, सगळी पेठ विरुद्ध असताना हे धैर्य कुठून आलं?"

यमाजीनं त्या कड्याकडे बघितलं. घ्यावं आणि बसावं — सोपं होतं ना? पण त्याला ते मोकळे हात आठवले. तो म्हणाला, "महाराज, पेठ विरुद्ध आहे हे मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर मी सुपारी ठेवली असती."

काय झालं असेल? सभा खो खो हसली! राजा म्हणाला, "वाहवा! एवढं करून वर हा विनय!" आणि एका कड्याची दोन कडी केली! तीस वर्षं दुसऱ्याचं बोलला, ते सगळ्यांनी खरं मानलं; आयुष्यात एकदा स्वतःचं खरं बोलला, तर त्याला विनोद म्हणाले!

घरी आला. हैबती पाया पडायला वाकला, "दाजी, तुमच्यामुळे..."

यमाजीनं पाय मागे घेतले. "माझ्या नको रे. तिकडे तुझी बहीण आहे." आणि ती दोन कडी सगुणाच्या हातांत घातली. मोठी होत होती, पण तिनं काढली नाहीत.

पुढच्या महिन्यात सभेपुढे नवा प्रश्न आला. तळ्याचा बांध पाडून बांधायचा की डागडुजी करायची? पेठेत चिठ्ठ्या निघाल्या! राणबा सकाळी दारात आला. "धनी, आज..."

"सांगू नकोस," यमाजी म्हणाला.

आणि बसला विचार करत. तासभर बसला. काही सुचेना! स्वतःला काय वाटतं ते शोधायचं कुठं, हेच ठाऊक नाही! शेवटी बायकोला म्हणाला, "तुला काय वाटतं गं?"

ती म्हणाली, "सांगेन की. पण आधी तुम्ही सांगा."

मग तो उठला. जोडे घातले, एकटा तळ्यावर गेला. पगडी काठावर ठेवली, धोतर वर खोचलं, आणि गुडघाभर पाण्यात उतरून बांधाच्या फटीत आपला हात घातला. चार बोटं आत गेली. थंड पाणी लागलं. म्हातारपणी, मंडळी, त्या माणसाला पहिलं मत मिळालं, ते तिथं!

आता तुमचं बघू. कुणी वाईट म्हटलं म्हणून कुणाला वाईट म्हणता, मोबाईलवर किती जणांनी पसंतीचा अंगठा दिला ते मोजून गोड मानता. सून कशी आहे ते आळीला विचारता, ती घरात असताना! आणि मीही काही निराळा नाही हं — आज काय सांगावं ते मी आधी सतरंज्या किती भरल्या ते बघूनच ठरवतो!

असो. देवाला साक्ष ठेवून एकच विचारतो आणि टाळ खाली ठेवतो. आजचं आख्यान ज्यांना मनापासून पटलं असेल त्यांनी हात वर करा —

अहो, थांबा! थांबा! शेजारच्याकडे काय बघताय?