बाहेरगावच्या बायांनी हात वर केले त्याची गोष्ट

आवो, चहा घ्या आधी, मग सांगते. आमच्या वीटभट्टीवरची शेवंता तिकडं लांब परभणीकडची. तिची चार वर्साची सोनी रोज अंगणवाडीच्या दाराशी उभी राहून आतल्या पोरांची खिचडी बघायची. मला कुठं गप बसवतंय! शेवंताचा हात धरला अन् तिला थेट ग्रामसभेत नेलं.

ग्रामसेवक म्हणाले, "मावशी, ही बाहेरगावची माणसं. अंगणवाडी गावातल्या मुलांसाठी आहे."

मी उठले अन् म्हणलं, "बायांनो, तुमच्यात जी बाहेरगावची आसंल तिनं हात वर करा."

आधी कुणाला काय उमगंना. मग शेजारच्या सूनबाईनं हात वर केला, तिचं माहेर नसरापूर. माझा तर होताच वर. बघता बघता सगळ्या सासुरवाशिणींचे हात वर. शेवटाला खुर्चीवरच्या सरपंचबाईच हसल्या, "व्हय की, मी तरी कुठं हितली? मार्गासनीची लेक मी!" अन् त्यांनीबी हात वर केला.

ग्रामसेवक ओशाळून म्हणाले, "बरं बरं, कळलं. घ्या आता हात खाली."

"आधी सोनीला आत बसवा," सरपंचबाई म्हणाल्या, "मग घेतो."