डाव्या खांद्याखालचं चामडं

— ये गं आत, कडी लाव. बागेतलं संडास असलं म्हणून काय झालं, आरसा आहे, दिवा आहे, कार्यक्रमाच्या दिवशी निम्म्या बायका इथेच नटतात. आता त्या आरशाकडे तोंड कर आणि हलू नकोस, सुई आहे हातात. खांद्याची शिवण उसवलीये, दोन मिनिटांचं काम. वाकून आभार मानू नकोस! वाकलीस की परत उसवेल. माझ्या पिशवीत सगळं असतं — सुईदोरा, पिना, खोट्या पापण्यांचा डिंक, कंबरेला लावायची पट्टी. मागच्या हिवाळ्यात एकीचं शिंग गळून पडलं होतं, तेही मीच चिकटवलं. मिझुहो म्हणतात मला. 'योइनोमे' बँडच्या रांगेत सतरा वर्षं उभी राहतेय इथे इमाइकेत — वय इथे कुणी विचारत नाही. सेहेचाळीस. विचारलं नव्हतंस, माहितीये.

पहिल्यांदाच आलीस ना? कळतं गं. टाचेला पट्टी न लावता एवढे उंच बूट कुणी घालतं का? तिकिटाचा नंबर किती, बघू — एकशे बारा. म्हणजे तुझ्या वाट्याला मागचा खांब. माझा तीन. नंबराप्रमाणे आत सोडतात खरं, पण स्टेजला लागून असलेला पुढचा कठडा काही नंबरावर चालत नाही हं. डावीकडचा कठडा माझा. म्हणजे कोण कुठे उभी राहणार, कुठल्या गाण्याला कोण मागे सरकणार, हे मी ठरवते. मला कुणी नेमलं? कुणीच नाही. सतरा वर्षं हटले नाही, एवढंच. आणि उजवीकडचा कठडा रुरिकोचा — तीच मघाची, निळे केस, पंखा हलवत गोड गोड बोलत होती ना तुझ्याशी? गोड बोलते म्हणून गोड समजू नकोस.

नियम साधे आहेत. डोकं झटकायच्या गाण्याला चष्मा काढायचा, शेजारणीला विग लागू द्यायचा नाही, हळुवार गाण्यात किंचाळायचं नाही. आणि मोठा नियम एकच — वाजवणाऱ्यांवर जीव टाका, रडा, त्यांच्या स्टेजवरच्या पोशाखांसारखे कपडे शिवून घाला, पण हॉलच्या बाहेर त्यांच्याशी ओळख ठेवायची नाही. चोरून तर नाहीच नाही. दोन वर्षांपूर्वी एक पोरगी ड्रमवाल्याबरोबर कांदे घेताना दिसली. कांदे गं! तेही अर्धा किलो. रुरिकोच्या मंडळींनी तिचं नाव, पत्ता, कामाची जागा, सगळं चव्हाट्यावर मांडलं. तिची नोकरी गेली, ड्रमवाला बँड सोडून गेला, सहा महिने एक कार्यक्रम नाही. मी काय केलं? मी काहीच केलं नाही. गप्प बसले. म्हटलं, नियम म्हणजे नियम.

तुझा जीव कुणावर? — हो, दिसतंच आहे. हिसुई. बास गिटारवाला. अगं, माझाही तोच! सगळे त्या गाणाऱ्यासाठी वेडे होतात, आणि हा आपला कोपऱ्यात मान खाली घालून वाजवतो, अर्ध्या लोकांना वाटतं खांबच आहे. दर वेळी शेवटी गिटारची नखी फेकतो माझ्याकडे. बत्तीस आहेत घरी. एक कुणाला तरी दिली, अजून पश्चात्ताप होतोय.

आता खरं सांगते, घाबरू नकोस. शिवण उसवली नव्हती. मीच उसवली, कात्रीच्या टोकाने, तू रुरिकोशी बोलत होतीस तेव्हा. तुला रांगेतून बाहेर काढायचं होतं. आणि आतून खांदा बघायचा होता — हा बघ. काळ्या पोशाखाला आत डाव्या खांद्याखाली हा तपकिरी चामड्याचा तुकडा कशाला लावलास? तू बास वाजवतेस? नाही ना? मग? — 'तिथे होता म्हणून.' तिथे म्हणजे कुठे गं बाई? — कपाटात. कुणाच्या कपाटात, ते सांगू नकोस. नको सांगूस, मला कळलंय.

तो तुकडा माझ्या जुन्या पर्सचा आहे. हिसुईच्या नव्या पोशाखातला, म्हणतेय मी. काळं चामडं संपलं होतं, म्हटलं आतच तर आहे, कोण बघतंय. त्याच्या गिटारचा पट्टा तिथे घासतो, म्हणून लावला. आता उघडलंच तोंड तर ऐक — नऊ वर्षं या बँडचे कपडे मी शिवते. माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे, त्यांचा मॅनेजर कुराता एकदा फाटलेली पँट घेऊन आला आणि मग येतच राहिला. त्यांना माहीत नाही मी पुढे उभी असते ते, आणि कठड्यावरच्यांना माहीत नाही दुकानाचं. चोरून नाही गं ते! माप घेणं म्हणजे काय ओळख ठेवणं झालं? — बघ, हसलीस. हस. मीही मलाच फसवत होते इतकी वर्षं. मार्चमध्ये हिसुई स्वतः आला माप द्यायला, तोंड धुतलेलं, साधा शर्ट. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आलाय त्याचा. मी चष्म्यात, ॲप्रनमध्ये. आदल्या शनिवारी माझ्या डोळ्यांत बघून नखी फेकणारा हा माणूस मला काय म्हणाला असेल? 'काकू, बगलेत जरा सैल ठेवा.' काकू! मी सैल ठेवलं.

आणि तुमचं लग्न? — फेब्रुवारीत. म्हणजे माप द्यायला आला तेव्हा झालेलं होतं. वाईट वाटलं का? वाटलं ना. खोटं कशाला बोलू, चांगलंच लागलं. पण तुझ्यावर राग येत नाहीये, आणि त्याचाच जास्त राग येतोय. तो तालमीला गेला की दार लावून एक एक टाका बघून त्याच्यासारखाच हा शिवलास? त्याला न सांगता? त्याला बरं वाटेल म्हणून? अगं वेडाबाई, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! हा पोशाख जगात अजून कुणी पाहिलेला नाही. फोटो नाही, जाहिरात नाही. अर्ध्या तासाने पडदा उघडेल आणि तो हाच घालून पुढे येईल, आणि चारशे बायका आधी त्याच्याकडे बघतील, मग तुझ्याकडे. कांद्यांवरून नोकरी घालवणाऱ्या बायका आहेत त्या.

रडू नकोस, काळं ओघळेल. घरी जायला सांगत नाहीये मी. नवऱ्याला एकदा तरी स्टेजवर बघायचं म्हणून आलीस, बघूनच जा. पण काढ तो. हो, इथेच, आत्ताच. माझा तू घाल, गेल्या दौऱ्याचा आहे, रांगेतल्या तीसजणींनी तसाच घातलाय, त्यात कुणाला सापडायची नाहीस. मला तुझा दे. — बसेल गं! पाठीला नाड्या आहेत, बगलेत उसवते, पोट आत घेते. कुणासाठी तरी सैल शिवलंय, माझ्यासाठीही शिवू शकते.

नुसता पिशवीत लपवला असता, पण आता नाही जमत. मघाशी रुरिकोने तुला विचारलं, काय सुंदर पोशाख, कुठून गं, आणि तू खरं सांगायला तोंड उघडलंस — तेव्हा मध्ये कोण बोललं? मी. 'माझा आहे, हिच्या अंगावर कसा दिसतो ते बघत होते.' का बोलले? मला विचारू नकोस. त्या कांदेवालीच्या वेळी गप्प बसले होते, म्हणून असेल. आता तो माझ्याच अंगावर दिसायला हवा. कठडा जाणार आजच, उद्या नावही जाईल, दुकानही उघडं पडेल. जाऊ दे. आणि एक गंमत सांगू? चारशे बायका म्हणतील, ती थेरडी आणि हिसुई, शी! म्हणू देत की! सतरा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझं नाव त्याच्या नावाला जोडेल. एवढं तर मिळू दे मला. आणि तो मला बघून सूर चुकला ना, तर त्याला काही विचारू नकोस.

ओढ नाड्या. अजून. अजून, मी काही फुटत नाही. — ऐकलंस? नंबर पुकारायला लागले. मी पुढे होते, तू मागून ये, एकशे बाराला, खांबाजवळ. बाहेर मला ओळखायचं नाहीस. आणि हे बघ, त्याचा डावा खांदा दुखतो, सांगत नाही कुणाला. रात्री गरम टॉवेल ठेवत जा. मी सांगितलं म्हणून नको सांगूस. काढ कडी. नीघ.