बाइंडरची भट्टी

—हीच, हीच ती भट्टी, मॅडम. दुसरी कुठली असणार? दुकान दहा बाय बारा, त्यात अर्धी ही आणि अर्धा मी. जपून, तिकडे खळीचं भांडं आहे, कपड्यांना लागेल — हां, या स्टुलावर बसा. पाव? पाव कुठला घेऊन बसलात! तीन महिन्यांत एक बिस्किटसुद्धा भाजलेलं नाही हिच्यात. पेटलीच नाही ती. उघडून बघा हवं तर — आत पुठ्ठे ठेवलेत, कोरडे राहतात. अहो, मी बुकबाइंडर आहे. एकतीस वर्षं याच जागेत पुस्तकं बांधतोय. बेकरीवाला मी कधी नव्हतो आणि या वयात होणारही नाही.

मग अर्जात बेकरी कशी आली — बरोबर आहे तुमचं विचारणं, तुम्ही तपासायलाच आलात. सांगतो. तुमच्या खात्याचं ते प्रशिक्षण, छोट्या धंदेवाल्यांसाठी, पंधरा दिवस पुरे भरले तरच अनुदान — तर मी पंधरा दिवस दुकानाला कुलूप ठोकून पहिल्या बाकावर. मला हवं काय होतं? कागद कापायचं मशीन. बस, एवढंच. हा हात बघा — सुरीवर जोर दिला की थरथरतो. दोन वर्षं झाली. सुरी सरळ जातच नाही, पुस्तकाची कड उंदरानं कुरतडल्यासारखी येते. वाचनालयाचं काम आहे माझ्याकडे, वर्षाला चारशे पुस्तकं, त्याच्यावरच हे दुकान उभं आहे. तर ग्रंथपाल म्हणाले, बाइंडर, ही खेप सांभाळून घेतो, पुढच्या खेपेला कडा अशाच आल्या तर काम दुसरीकडे द्यावं लागेल. वाईट नाही हो माणूस. त्यांनाही वरून विचारणारे आहेतच की.

तर शेवटच्या दिवशी सरांनी भिंतीवर नमुना लावला. अर्ज असा लिहायचा, आणि नमुना सोडून मनचं काही घातलंत तर अर्ज बाद — तीनदा बजावलं. मी नाही घातलं! एक अक्षर मनचं घातलं नाही. आता तो नमुना बेकरीचा होता, हे मला — चष्मा नव्हता ना त्या दिवशी. घरी राहिला. हो, बाक पहिलाच होता, पण तरी... शेजारच्या शिवणकामवाल्या ताईंनी शिवणकाम लिहिलं, लाँड्रीवाल्यानं लाँड्री, ज्यानं त्यानं आपापला धंदा घातला, मीच एक दीडशहाणा. पण अक्षर, मॅडम! सरांनी माझा कागद उचलून सगळ्यांना दाखवला — बघा, याला म्हणतात अर्ज! टाळ्या पडल्या. बावीस जणांनी वाजवल्या. उभ्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. मी आपला उठून नमस्कार करतोय चारही बाजूंना — कशाबद्दल? तर बेकरीबद्दल!

मंजुरीच्या पत्रात लिहिलं होतं ना स्पष्ट — असेल, असेल लिहिलेलं. हिरवा शिक्का होता त्याच्यावर. हिरवा म्हणजे मंजूर, लाल म्हणजे गेलं, एवढं मला शेजारच्या घड्याळवाल्यानं सांगून ठेवलं होतं. हिरवा बघितला, घडी घातली, खिशात टाकली. ती असती तर वाचून — बायको हो. मागच्या वर्षी गेली. ती वाचायची आणि मी बांधायचो. म्हणजे, तिला आवड होती वाचनाची, असं म्हणायचंय मला. टेम्पोतून चार माणसांनी हे धूड उतरवलं तेव्हा मला वाटलं, केवढं दांडगं मशीन दिलं! दार उघडून आत सुरी शोधत बसलो. हसा, हसा. मी पण हसलो असतो.

काय? हा कपाळावरचा? हाच चष्मा. हो, नेहमी इथेच असतो. तो कागद नका हो पुढे करू. वाचा काय, तुम्हीच वाचा की, तुमचा आवाज चांगला आहे... बरं. बरं, मॅडम. जरा दार लोटून घ्या. मला वाचता येत नाही. झालं? आकडे येतात, म्हणून पानं कधी मागेपुढे झाली नाहीत. अक्षरं काढताही येतात — पाठीवरची सोनेरी नावं मीच घालतो, पुस्तकाचं पहिलं पान समोर ठेवून, काना-मात्रा तसूभर हलत नाही. काय काढलंय ते मात्र ती सांगायची. रोज जेवणं झाली की बांधायला आलेलं पुस्तक उघडायची, चार-पाच पानं मोठ्यानं वाचायची, आणि सकाळी मी ग्रंथपालांशी त्याच्यावर अशा गप्पा मारायचो की विचारू नका! बाइंडरचं वाचन दांडगं, म्हणतात सगळे. आम्हा दोघांचा हा उद्योग. ती सुटली, निस्तरायला मी राहिलो.

आहे? यातून वाट आहे? पुन्हा सांगा — अर्जदाराला लिहितावाचता येत नाही म्हणून चूक झाली, असं तुम्ही अहवालात लिहिलं, की भट्टी परत जाईल आणि कापायचं मशीन येईल? खरंच येईल? अहो, मग लिहा ना, वाट कसली बघता! — थांबा. एक मिनिट. अहवाल जातो कुठे? कार्यालयाच्या फळ्यावर. महिनाभर. नाव, धंदा आणि कारण. तो फळा वाचनालयाच्या दारासमोर आहे, मॅडम. कारण गाळता नाही येणार? नियम. हो, तुमचा तरी काय इलाज. आणि हे नाही लिहिलं तर? खोटा अर्ज, फसवणूक, नाव कायमचं बाद. मशीन नाहीच. मग वाचनालय गेलं, म्हणजे दुकान गेलं. कळतंय मला. आकडे येतात म्हटलं ना.

माझी मुलगी शिक्षिका आहे. तिच्या शाळेतल्या एका बाईंचं घर याच गल्लीत, रोज त्या फळ्यासमोरून जातात. दर रविवारी फोन करते मुलगी — बाबा, सध्या काय वाचताय? आणि मी तिच्या आईनं वाचलेलं आठवून आठवून सांगतो. वर्षभर सांगतोय. ती म्हणते, बाबा, मला वाचनाचं वेड तुमच्यामुळे लागलं.

फसवणूक लिहा.

नाही, केला विचार. लबाड बापावर ती चिडेल, महिना-दोन महिने बोलणार नाही, मग बोलेल. पण हे — नाही, हे नको. लिहा तुम्ही. सही कुठे, इथे? सही येते मला. हं, घ्या. आता या तुम्ही, मॅडम. मला खळ शिजवायचीय.