मोहनमामांची ओळ

…आणि म्हणे, पत्ता वजा आला! उणे एक अब्ज अमुक तमुक! तुम्हाला सांगतो, बडोद्यात मला घर न सापडल्याचे प्रसंग आलेत, पण वजा पत्ता? आणि तो कुणाच्या यंत्राचा? आमच्याच!

निजामपुऱ्यात आमचं ऑफिस, माणसं सहा. पाण्याच्या पंपांवर बसवायच्या यंत्रांची ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो. यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं तर प्रत्येकाला नेटवर्कवर पत्ता लागतो, आणि पत्ता म्हणजे नक्की काय, केवढा, हे कोडमध्ये आधी सांगावं लागतं. ते सहा जणांनी सहा ठिकाणी सांगितलेलं! नीराचे चार कप्पे, माधवचा नुसता मजकूर, आणि मोहनमामांचा आकडा… तोही अधिक-वजा चिन्हासकट! अहो, पत्त्याला वजा कशाला? दहानं सुरू होणारे जुने पत्ते निभावले, एकशे ब्याण्णववाले आले, आकडा त्या खणात मावेना आणि चिन्ह उलटलं. मी काय म्हणत होतो? एकदाच लिहा, सगळ्यांनी तेच घ्या!

आमचे साहेब हर्षदभाई शांतपणे म्हणाले, ‘जुओ, शुक्रवारे डेमो नहीं चाले, तो आखी टीम अमदावाद.’ म्हणजे सगळ्यांची बदली! पंच्याहत्तरीची आई घरी, तिला संध्याकाळचा चहा माझ्याच हातचा लागतो… मी अमदावादला जाऊन काय करू?

बसलो, सगळ्यांसाठी एक फाइल लिहिली. बाकीच्यांनी मुकाट्यानं आपापलं काढलं. पण कंपायलर, म्हणजे आमचा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, हटून बसला: एकाच नावाच्या दोन व्याख्या, चालणार नाही! दुसरी मामांची. मग काढ ना, म्हणाल तुम्ही. कशी काढू? ऑफिसातले सर्वांत जुने, आणि बायकोचे सख्खे मामा! लग्न त्यांनी जुळवलं, नोकरी त्यांनी लावली. त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे भिंतीला खिळा ठोकत नाहीत, आणि मी त्यांची ओळ पुसू?

गेलो कारेलीबागेत, मामांच्या घरी. ‘ये रे, आधी बस.’ बसलो. श्रीखंड आलं. संपवलं, तर पुन्हा आलं!

‘मामा, ती ओळ…’

‘बारा वर्षं चालली रे ती.’

‘हो, पण वजा…’

‘वजा तर वजा! पोचत होतं ना?’

आतून आनंदीमामी, ‘जावयांना काय काढायचंय? काढा, काढा! हे काही टाकूच देत नाहीत, माळ्यावर तीन बंद पंखे आहेत!’

मामांनी माझी वाटी बाजूला सरकवली. मग हळूच म्हणाले, ‘काढ. पण माझ्यासमोर नको.’

खरं सांगू? वाईट वाटलं. बारा वर्षं माणसानं सांभाळलेली ओळ… पण मी काय म्हणत होतो? एकदाच लिहा, सगळ्यांनी तेच घ्या! ऑफिसात आलो, डोळे मिटले आणि काढली.

शुक्रवारी झाडून सगळी यंत्रं एकमेकांशी बोलली. गिऱ्हाईक खूश, नीरानं पेढे वाटले, मामांनी दोन खाल्ले. हर्षदभाईंनी तर मला मिठीच मारली. ‘बहु सरस! आपणी अमदावादनी ऑफिसमां आवी अगियार व्याख्या छे. सोमवारथी तमे त्यां!’

तिथे अकरा व्याख्या, आणि त्या काढायला मी! म्हणजे बघा… डेमो चालला नसता तर सगळे गेलो असतो. चालला, म्हणून मी एकटा.