भात नको म्हणणारी माणसं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय मो साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, खानावळीतून आज निवृत्त होणाऱ्या लुओमावशी, आणि शिलाईपासून पॅकिंगपर्यंतच्या सर्व बंधुभगिनींनो,

मी वेई दाचेंग. बुटांचे तळ चिकटवतो. शाळा सहावीपर्यंत, आणि दोन वर्षांत तीन कारखाने बदललेले. मला इथं उभं केलं मावशींनी, तेव्हा दोष त्यांना द्या.

सगळ्यांनी मावशींच्या भाताची तारीफ केली. मला ती करता येत नाही. मी तो खाल्लेलाच नाही.

आमच्या ग्वांगशी प्रांताकडे भात टाकणाऱ्या पोराला काय काय ऐकावं लागतं, हे इथं कुणाला सांगायला हवं का? मी आणि माझा थोरला भाऊ योंगनिंग, आम्ही शेंगदाणे, अंडी, सोयाबीन एवढंच खायचो. आई म्हणायची, "जमीनदाराची पोरं माझ्याच पोटी आली."

गेल्या वर्षी दादा असंबद्ध बोलायला लागला. हात थरथरायचे. आधीच्या कारखान्यातले आमच्या खोलीतले सोबती म्हणाले, चढलीय. तो दारूला शिवत नसे. मला वाटलं, अशक्तपणा. दोन दिवस मी त्याला पातळ भात भरवला, साखर घालून. तो मान फिरवायचा. मी म्हणालो, "नखरे पुरे." तिसऱ्या दिवशी तो गेला.

मग मी इथं आलो. मावशींनी मला भात शेजाऱ्याच्या वाडग्यात ओतताना पकडलं.

"काय रे, माझ्या भातात विष आहे?"

"जात नाही, मावशी."

"गोड?"

"तेही नाही."

"आणि खिशात शेंगदाणे."

त्या हसल्या नाहीत. त्यांच्या भाच्याचं असंच होतं. रविवारी बसनं मला शहरात नेऊन त्यांनी रक्त तपासून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आई आणि वडील, दोघांकडून एकेक दोष आला की असं होतं. यकृताला भात-साखर पेलत नाही, रक्तात विष साचतं, ते डोक्यात जातं. अंगाला हे आधीच कळतं, म्हणून जीभ नको म्हणते.

"म्हणजे भाऊ नखरे करत नव्हता?"

"नाही."

परतताना मावशींनी अंडं सोलून दिलं. मी खाल्लं.

आई दादाच्या फोटोपुढे रोज भाताचा वाडगा ठेवायची. तिला फोनवर सगळं सांगितलं. परवा तिनं फोटो पाठवला. वाडग्यात भाजलेले शेंगदाणे आहेत, काठोकाठ.

मावशी, आभार. आता तुमच्या जागी वाढायच्या खिडकीवर जे कोणी येतील, त्यांनी नको म्हणणाऱ्याला आधी विचारावं, एवढंच मागणं. बोलण्यात काही चुकलं असेल तर सभेनं पदरात घ्यावं. त्या दोन दिवसांची माफी कुणाकडे मागायची, ते मला माहीत नाही.