रिव्हर्समध्ये निघालेली वरात

माझी वरात उलटी का आली, ते ऐका. तेव्हा आंबिवलीकडे आमच्या गावात रस्त्यावर दिवे नव्हते. म्हणून मित्र बबनने पिकअपला मागे रिव्हर्स लाइट लावला आणि आम्ही नवरा-नवरी बसणार त्या हौद्यात रंगीत बल्ब. दोन्ही एकाच वायरवर. वेशीवर कळलं, बल्ब फक्त रिव्हर्स टाकला की पेटतात.

आई म्हणाली, "अंधारात माझी सून कुणाला दिसणार?"

मग काय, बबनने गाडी वळवली आणि रिव्हर्समध्येच गावात घातली. पुढे बेंजो वाजतोय आणि अख्खी वरात ओरडतेय, "आने दे, आने दे." बायको हसून हसून बेजार.

सकाळी बबन वायर वेगळी करायला आला, तर धाकटा भाऊ गाडीला आडवा.

"हात नको लावूस. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे."